अजून कार्ड कापलेलं नाही

“थांबव! थांबव बे ते!”

बिटला शेठ जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच ओरडले. मी बटण दाबलं, पण मशीन थांबेपर्यंत आणखी चार-पाच कार्डं खाली टोपलीत पडली. शेठ खाली आले, त्यांनी एक कार्ड उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. कार्डाच्या काठाला, जिथं नुसती दोरी ओवायची असते, तिथंही भोकं पडली होती.

“हे काय आहे?”

“मोर.”

“कुठाय मोर?”

मी मान वाकडी करून कार्डाकडं बघितलं.

“ही चाळणी आहे अंबादास. घरी ने. भूलक्ष्मीला पीठ चाळायला होईल.”

टोपलीत तसल्या कार्डांचा ढीग पडला होता. सकाळपासूनचा तो तिसरा ढीग. शेठनी हातातलं कार्ड त्यात टाकलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ. हैदराबादचा व्यापारी उद्या येतोय. त्याला मोराची चादर मागावर चढलेली दिसली पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत तुझ्या हातून कार्डं निघाली तर निघाली. नाहीतर इचलकरंजीचा माणूस रात्रीच्या गाडीनं बोलावतो. तो बसेल इथं. तू मागं कांड्या भरायला जा. काढून टाकत नाही मी तुला, पण इथं नको.”

शेठ वाईट माणूस नव्हते. आमच्याच समाजातले, आमच्याच पूर्व भागातले. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच हातमागाच्या खोलीत बसायचे. म्हणून तर त्यांनी आवाज खाली आणला. पण कांड्या भरणं म्हणजे काय ते सोलापुरात कुणालाही विचारा. सूत कांडीवर गुंडाळायचं, दिवसभर. ज्यांना दिसत नाही, चालवत नाही, असे म्हातारे ते काम करायचे. मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो.

मी कार्ड पंच करणारा. चादरीवर जी नक्षी येते ती आधी चौकटीच्या कागदावर काढतात. त्या कागदावरची एक ओळ म्हणजे जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथं रंग तिथं भोक, जिथं रंग नाही तिथं पुठ्ठा तसाच. सगळी कार्डं दोरीनं ओवून मागावर चढवली की मागाला कळतं कुठला धागा उचलायचा. हे काम मी हातानं करायचो. हाताखाली पेटीसारख्या पट्ट्या, पायाखाली पावडी. बोटं दाबायची, पाय मारायचा, ठक्क. एखादं भोक चुकलं तर कागदाचा तुकडा खळीनं चिकटवून बुजवायचं. चूक भोकाएवढीच असायची.

मग शेठनी कॉम्प्युटर घेतला. नक्षी त्यात साठवलेली, त्याला जोडून पंचिंगचं मशीन. मी फक्त काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. आधी ‘कार्ड’ हा शब्द, मग नक्षीचं नाव, मग दोन आकडे. सगळं इंग्रजी अक्षरांत. सातवीपर्यंत शिकलो होतो, अक्षरं येत होती. पण माझं काहीतरी चुकायचं, आणि काय चुकायचं ते कळायचं नाही. कधी मशीन कुईं करायचं आणि पडद्यावर ‘ब्याड पॅरामीटर’ असं उमटायचं. पॅरामीटर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, ब्याड मात्र समजायचं. आणि कधी काहीच न म्हणता ते सरळ कापायला लागायचं, आणि चाळणी निघायची.

दुपारी भूलक्ष्मी डबा घेऊन आली. ती रोज यायची. एका हातात डबा, दुसऱ्या बगलेत विड्यांचं गाठोडं. माझा डबा देऊन तशीच पुढं विडी कारखान्याच्या ब्रँचला जायची, आदल्या दिवशी वळलेल्या विड्या जमा करायला. पितळेचा तो डबा आता घरी फळीवर आहे. घासायचा तेवढा मी घासतो.

तिनं टोपलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“जेवा.”

“भूक नाही.”

“काय म्हणालं?”

“कोण?”

“मशीन.”

एखाद्या माणसाबद्दल विचारावं तसं तिनं विचारलं. घरी आम्ही तेलुगू बोलतो, इथं मराठीत लिहितोय, पण तेलुगूतही तिनं असंच विचारलं.

“ब्याड म्हणालं.”

“कशाला?”

“ते सांगत नाही.”

“सांगत नाही म्हणजे? नुसतं ब्याड म्हणतं आणि गप्प बसतं?”

“कधी कधी तेवढंही म्हणत नाही. सरळ कापतं.”

ती हसायला लागली. “म्हणजे आमचा चेकर बसलाय की हो आत!”

तिच्या चेकरबद्दल मी रोज रात्री जेवताना ऐकायचो. ब्रँचमध्ये बायका रांगेत बसायच्या, आणि चेकर एकेकीचा माल तपासायचा. मुठीत विड्या घ्यायचा, दोन बोटांत फिरवायचा, आणि नापसंत झाल्या की तिथंच मोडून मागं फेकायचा. त्याला छाट म्हणतात. पान फाटकं होतं, की तंबाखू कमी भरली होती, की दोरा सैल होता, हे तो सांगायचा नाही. बाईनं विचारलं तर म्हणायचा, “पुढची.” भूलक्ष्मीला छाट गेल्याचं एवढं वाईट वाटायचं नाही. ती म्हणायची, “मोडायच्या आधी एक शब्द बोलला असता तर काय त्याचं तोंड दुखलं असतं? उद्या मी काय सुधारू? आजच्यासारखंच वळणार, आजच्यासारखंच तो मोडणार.”

“परत लिहा बघू,” ती म्हणाली. “मी बघते.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“तुम्हाला तरी कुठं कळतंय?”

मी लिहायला घेतलं, तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. उंबरजे आले. हा प्रोग्राम लिहिणारा माणूस. नवी पेठेत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. बारीक अंगाचे, सदा घाईत. हेल्मेट टेबलावर ठेवत म्हणाले, “मास्तर, शेठनी मला फोनवर धुऊन काढलं. तुम्हाला किती?”

“मला पिळून वाळत घातलंय,” मी म्हणालो.

“चला, दाखवा काय लिहिता ते.”

मी लिहिलं. कार्ड, मोर, सहाशे चाळीस, चारशे. बटण दाबणार होतो, तर उंबरजेंनी माझा हात धरला.

“हे काय? आधी हुक लिहायचे, मग कार्डं. तुम्ही उलटं लिहिताय.”

हुक म्हणजे मागाच्या डोक्यावरच्या वाकवलेल्या तारा, ज्यांनी धागे उचलले जातात. चादर किती रुंद नक्षीची, ते हुकांवरून ठरतं. कार्डं किती, त्यावरून नक्षीची लांबी.

“उलटं कसं?” मी म्हणालो. “आधी कार्डं.”

“मास्तर, आधी रुंदी, मग लांबी. जगात सगळीकडे असंच असतं.”

“जगात असेल. आम्ही आधी कार्डं मोजतो. कार्डंच नसतील तर भोक कशात पाडायचं?”

हे मी भांडायला म्हणालो नव्हतो. सोलापुरातला कुठलाही कार्ड पंच करणारा नक्षीचा कागद हातात आला की आधी विचारतो, कार्डं किती? कारण तेवढा पुठ्ठा आधी कापून ठेवावा लागतो. हुक तर मागावर असतातच, ते कुठं जातात? माझ्या वडिलांच्या तोंडी तोच क्रम, माझ्या तोंडी तोच, आणि बोटांतही तोच उतरला होता. उंबरजेंनी पहिल्या दिवशी क्रम सांगितला होता. मी मान हलवली होती. पण लिहायला बसलो की सहाशे चाळीस आधी यायचं.

उंबरजे हसले. “म्हणजे एवढंच होतं? मग मी क्रम बदलून टाकतो. तुमच्या पद्धतीनं. पाच मिनिटांचं काम आहे.”

मला बरं वाटलं. मी डबा उघडायला घेतला.

“नको,” भूलक्ष्मी म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, गाठोडं अजून बगलेत.

“का हो वहिनी?”

“उद्या इचलकरंजीचा तो पाहुणा येऊन बसला तर तो तुमच्या जगासारखं लिहील. मग त्याची चाळणी निघेल.”

“तो आला म्हणजे मी गेलो,” मी म्हणालो. “त्याची काळजी तू कशाला करतेस?”

“तुम्ही उगं बसा. तो नाही आला तर शेठ बसतील, तुम्ही आजारी पडलात तर दुसरं कोण बसेल. क्रम कुणाचाही ठेवा हो भाऊ. चुकणारा चुकणारच. चुकल्यावर ह्यानं काय करायचं ते बघा.” तिनं हनुवटीनं मशीन दाखवलं. “मला एक सांगा. ह्यांनी लिहिलं ते मशीनला कसं कळलं?”

“सहाशे चाळीस हुक, चारशे कार्डं.”

“सहाशे चाळीस हुकांचा माग आहे का इथं?”

“नाही,” मी म्हणालो. “दोनच तऱ्हेचे आहेत. दोनशे चाळीस आणि चारशे.”

“हे मशीनला माहीत आहे?”

उंबरजेंनी डोक्यावरून हात फिरवला. “नाही. शेठच म्हणाले होते, कुठलाही आकडा चालला पाहिजे. उद्या मोठा माग घेतला तर?”

“घेतील तेव्हा घेतील,” ती म्हणाली. “त्या दिवशी पेढे घेऊन या आणि मशीनला सांगा. तोपर्यंत जेवढे आहेत तेवढे सांगा. आहे ते माहीत असलं म्हणजे नाही ते ओळखता येईल ना त्याला?”

उंबरजेंनी घड्याळाकडं बघितलं. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. “बसा वहिनी. आज होऊनच जाऊ दे. मशीननं काय म्हणायचं ते तुम्ही सांगा, मी लिहितो.”

ती स्टुलावर बसली. गाठोडं तिनं खाली ठेवलं आणि पायानं टेबलाखाली सरकवलं.

पुढचे दोन-तीन तास मला आजही जसेच्या तसे आठवतात. माझं काम एकच, चुकायचं. उंबरजे म्हणायचे, “मास्तर, चुका,” आणि मी चुकायचो. आधी मुद्दाम चुकलो, तर भूलक्ष्मी म्हणाली, असं नाही, रोज चुकता तसं चुका. तसं चुकायला मुद्दाम काही करावं लागत नव्हतं.

पहिल्यांदा मी एकच आकडा लिहून थांबलो. कुईं. ब्याड पॅरामीटर.

“आता हे काय म्हणायला पाहिजे?” उंबरजेंनी विचारलं.

“आधी ती शिवी काढा.”

“शिवी कुठं दिली मी?”

“ब्याड म्हणजे काय?”

“म्हणजे... वाईट.”

“माणूस वाईट की आकडा वाईट?”

“आकडा हो.”

“मग आकड्याचं नाव घ्या. नुसतं वाईट म्हणालं की समोरच्याला वाटतं आपल्यालाच म्हणालं.”

उंबरजे माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “मास्तर, घरी तुमचं काय होत असेल!”

“घरी मी चुकतच नाही,” मी म्हणालो.

“चुकतात,” ती म्हणाली. “पण मी काय चुकलं ते सांगते. विचारा त्यांना.”

हे खरं होतं. ती बोलायची, पण बोलणं नेमकं असायचं. तुम्ही असेच, तुम्ही तसेच, असं कधी नाही. दाराची कडी लावली नव्हती, मांजर आलं, दूध गेलं, आता चहा काळा प्या. एवढंच. मग विषय संपायचा.

ती सांगत गेली आणि उंबरजे लिहीत गेले. पडद्यावर मराठी अक्षरं यायची नाहीत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एकच आकडा दिलात, दोन पाहिजेत, आधी हुक, मग कार्डं. ह्या नावाची नक्षी नाही, जवळचं नाव हे आहे, ते पाहिजे का? ओळ लांब व्हायला लागली तसे उंबरजे म्हणाले, “वहिनी, एका ओळीत मावत नाही.”

“मग दोन ओळींत लिहा. पडदा तर सगळा रिकामाच आहे.”

“मोठ्या मशीनवर सुद्धा एवढं कुणी लिहीत नाही हो. चुकलं म्हणतात, सोडून देतात.”

“त्यांच्या घरी पुठ्ठा फुकट येत असेल.”

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. म्हणाली, “आता सगळ्यात आधी, पहिल्याच ओळीत लिहा. अजून कार्ड कापलेलं नाही.”

उंबरजे थांबले. “त्याची काय गरज? चूक सापडली म्हणजे मशीन कापणारच नाही. ते उघड आहे.”

“तुम्हाला उघड आहे. ह्यांना कुठं? मघापासून बघतेय मी. कुईं झालं की हे पडद्याकडं बघतच नाहीत. आधी टोपलीकडं बघतात.”

मला हे ठाऊक नव्हतं. मी असं करतो हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

“काय गेलं, किती गेलं, ह्यातच जीव अडकलेला असतो,” ती म्हणाली. “तेव्हा समोर काय लिहिलंय ते डोक्यात शिरत नाही. आमच्या ब्रँचमध्ये चेकरच्या हाताकडं बघत बसतो आम्ही. तो मोडतोय का ठेवतोय. तो तोंडानं काही बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. म्हणून आधी ते सांगा. कापलेलं नाही. मग माणूस श्वास घेतो. मग वाचतो.”

उंबरजेंनी ती ओळ लिहिली. मग मागं रेलून ती एकदा वाचली. मग परत पुढं वाकून, आधी लिहिलेल्या प्रत्येक सूचनेच्या वर तीच ओळ घालत गेले. मी बोटानं मोजत नव्हतो, पण बराच वेळ लागला.

मधेच माझा पाय टेबलाखाली कशाला तरी लागला. गाठोडं होतं.

“अगं, तुझ्या विड्या! ब्रँच बंद झाली असेल.”

“झाली मघाशीच. बसा तुम्ही.”

“उद्या ह्या वाळतील. छाट जाईल.”

“जाऊ दे. तुम्ही चुका. भाऊ थांबलेत.”

ऊन खिडकीतून निघून गेलं तेव्हा शेठ खाली आले. हातात चहाची बशी होती. मागाच्या खोलीतली दोन माणसंही दारात येऊन उभी राहिली. इचलकरंजीला फोन लावायचा की नाही, ते आता ठरायचं होतं.

“झालं का?” शेठनी विचारलं.

“बघू या,” उंबरजे म्हणाले.

मी लिहिलं. एवढे तास चुकण्याचा सराव झाला होता, आता बरोबर लिहायचं होतं. शेठ अगदी मागं उभे. मी कार्ड लिहिलं, मोर लिहिलं, आकडे लिहिले आणि बटण दाबलं. दाबल्यावर माझ्या लक्षात आलं. सहाशे चाळीस आधी.

कुईं.

मी टोपलीकडं बघितलं. टोपली रिकामी होती. मग मी पडद्याकडं बघितलं.

“काय म्हणालंय?” शेठनी विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं नाही.

मी वाचून दाखवलं. “अजून कार्ड कापलेलं नाही. तुम्ही सहाशे चाळीस हुक लिहिलेत. आपल्याकडं दोनशे चाळीस आणि चारशे हुकांचे माग आहेत. कार्डांचा आकडा आधी लिहिला का? असं लिहून बघा, कार्ड, मोर, चारशे, सहाशे चाळीस.”

मी लिहून बघितलं. मशीन ठकठक करायला लागलं. मी पहिलं कार्ड उचललं, काठ बघितला. काठ कोरा होता. थोडी कार्डं झाल्यावर मी ती जमिनीवर खालून वर ओळीनं मांडली. आम्ही नक्षी खालून सुरू करतो, कारण चादर खालून विणत जाते. कार्डांवर भोकांच्या दोन बारीक रेघा वर चढत होत्या.

शेठनी वाकून बघितलं. “पाय आले,” ते म्हणाले. “पाय आले बे. मोर येतो मग.”

मग त्यांना चेव आला. कार्डं पूर्ण निघाल्यावर म्हणाले, सरक, मी लिहितो. त्यांनी एका बोटानं लिहिलं आणि मोर लिहिताना अक्षर पुढं-मागं झालं. कुईं. त्यांनी चष्मा मागवला आणि स्वतः वाचलं. अजून कार्ड कापलेलं नाही. ह्या नावाची नक्षी नाही. ‘मोर’ आहे. ती पाहिजे का?

“माझ्या बापानं मला असं कधी विचारलं नाही,” शेठ म्हणाले. “कुणी शिकवलं हे त्याला?”

उंबरजेंनी भूलक्ष्मीकडं बघितलं. ती मी न खाल्लेल्या डब्याचं झाकण लावत होती.

शेठ वर गेले. जिन्यातून त्यांचा आवाज ऐकू आला. फोनवर कुणाला तरी सांगत होते, पाठवू नका, माणूस आहे इथं.

आम्ही चालत घरी निघालो. अशोक चौकात तिनं गाठोडं एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं. मी मागितलं तर दिलं नाही.

“उद्या तो छाटणार,” मी म्हणालो.

“छाटू दे.”

“माझ्यापायी गेलं.”

“काही गेलं नाही. भात गार झालाय, तेवढा गरम करते. जेवा नीट.”

दुसऱ्या दिवशी मोर मागावर चढला. हैदराबादचा व्यापारी खूष झाला. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती.

“काय म्हणाला चेकर?”

“मूठभर मोडल्या. म्हणाला, पुढची.” तिनं विडीचं तोंड दुमडलं. “त्याला एकदा उंबरजे भाऊंकडं पाठवायला पाहिजे.”

मी त्या मशीनवर पुढं खूप वर्षं काम केलं. नंतर नवीन आलं, त्यात माऊस होता, आज्ञा लिहायच्या नव्हत्या. मग शेठ गेले, मुलांनी माग विकले. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. उंबरजे पुण्याला गेले. जाताना भेटायला आले होते. म्हणाले, मास्तर, दुसऱ्यांसाठी प्रोग्राम लिहितो त्यातही ती पहिली ओळ घालतो, वहिनींचं नाव न घेता. भूलक्ष्मी म्हणाली, नावाचं काय करायचंय, चहा घ्या.

ती विड्या वळत राहिली. तंबाखूच्या धुळीत उभा जन्म गेला. छातीत कफ, मग दम, मग चालताना दम, मग बसल्या जागी दम. शेवटी दवाखान्यात ठेवलं. तपासण्या झाल्या. एका सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, फोटो उजेडाला लावून दाखवला आणि बरंच बोलले. चांगले होते, मी विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं. मी आत आलो. ती उशीला टेकून बसली होती. नाकाला नळी.

“काय म्हणाले?”

मी पाणी ओतायला लागलो. म्हणालो, औषध बदलून बघणार आहेत, हवा बदलली की जरा बरं वाटेल, थंडी कमी झाली की...

“अहो.”

“काय?”

“आधी सांगा. कापलं का अजून आहे?”

मोराच्या त्या दिवसाला वीस वर्षांहून जास्त झाली होती. ती हसत नव्हती. मी ग्लास खाली ठेवला. माझ्या आयुष्यात मी तिच्याशी फार बोललो नाही, आणि खोटं तर बोलायला जमायचंच नाही. मी तिच्या पायाशी बसलो.

“कापलं,” मी म्हणालो.

तिनं श्वास घेतला. नळीतून आवाज आला.

“काय झालंय?”

“दोन्ही फुप्फुसं कामातून गेलीत. औषधानं आता परत येणार नाहीत.”

“बरं,” ती म्हणाली. “मग आता काय करायचं, ते सांगा.”

डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं होतं. इथं ठेवा किंवा घरी न्या, फरक पडणार नाही. मी ठरवून आलो नव्हतो. तिनं विचारलं तेव्हा ठरलं.

“घरी जायचं.”

तिनं पाय पलंगाखाली सोडले आणि चपला चाचपडायला लागली.

“मग चला की,” ती म्हणाली.